आधी कवटी, मग केस

सस्तन प्राण्यांवर लिहायचं आणि त्यांची चित्रंही आपणच काढायची, या कामात उतरू पाहणारे बहुतेक जण मला पहिल्यांदा ब्रशबद्दल विचारतात. ब्रश कुठलाही चालतो. आधी दात मोजायला शिका.

छापायला दिलेलं माझं पहिलं चित्र उंदराचं होतं. फोटोवरून काढलेलं, अंगावरचा केस न् केस रंगवलेला. तपासणाऱ्या बाईंनी दोन मिनिटांत परत केलं, कारण पुढच्या पायांना पाच-पाच बोटं होती. उंदराच्या पुढच्या पंजाला चारच बोटं नीट दिसतात, अंगठ्याचा नुसता उंचवटा उरलेला असतो. पाच असतात मागच्या पायांना. प्राणिशास्त्राची पदवी होती माझ्याकडे! वाचलं होतं सगळं, हाताखालून गेलं नव्हतं.

तेव्हापासून कवटी आधी. वरून, बाजूने, खालून. खालचा जबडा वेगळा. कॅलिपरने मापं घ्यायची, आलेखाच्या कागदावर उतरवायची, उजेड वरून डावीकडून येतोय असं धरून ठिपक्यांनी छाया द्यायची. शेजारी मोजपट्टी काढायला विसरू नका. उंदराच्या पटाशीच्या दातांमागे मोकळी जागा असते, दाढा त्यानंतर. चिचुंद्रीच्या जबड्यात अशी खिंड नाही. ती कुरतडणाऱ्यांतली नाहीच, किडे खाणारी. दोन्ही जबडे एकदा काढलेत की लिहिताना त्यांची गल्लत होणार नाही.

संग्रहालयातली कातडी जपून वापरा. डोळ्यांच्या जागी कापूस, कान आकसलेले, रंग उडालेला. केसांची लांबी तिथून घ्या, अंगाची ठेवण मात्र जिवंत प्राणी पाहूनच. तरी खण उघडायचा कंटाळा नको. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या ढगाळ जंगलांतला ओलिंगिटो, रॅकूनच्या कुळातला छोटा प्राणी, २०१३ मध्ये नवी जात म्हणून जाहीर झाला, तेव्हा त्याच्या कवट्या नि कातडी कित्येक दशकं दुसऱ्याच नावाने खणांत पडून होत्या. फरक लक्षात आला तो दात आणि कवटी पाहून. त्याची एक मादी तर अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत होती. तिची कुणाशी जोडीच जमेना. जमणार कशी, जात वेगळी!

वाघ काढणारे खूप आहेत. सस्तनांच्या साडेसहा हजारांच्या आसपास जातींपैकी सुमारे ४० टक्के कुरतडणारे प्राणी आणि २० टक्क्यांहून अधिक वटवाघळं. चांगली चित्रं हवी आहेत ती यांची. यातला एखादाच गट धरा.

पैसे तुकड्यातुकड्यांनी येतात, म्हणून सुरुवातीला दुसरी नोकरी हाताशी असू द्या. दुरुस्त्या किती वेळा करणार आणि चित्र पुन्हा छापलं तर मोबदला किती, हे करारात लिहून घ्या. मी घेतलं नव्हतं. माझं एक वटवाघूळ आणखी तीन ठिकाणी छापून आलं, ते मला एका वाचकाकडून कळलं. आता मी स्कॅन पाठवते, मूळ कागद घरीच ठेवते.