सॉफ्टवेअर टीममध्ये व्हेरिएबलच्या नावांचे नियम कसे ठरवावेत

नावांच्या नियमांवरची बैठक बहुधा ‘अंडरस्कोअर की कॅमलकेस’ (म्हणजे user_name की userName) या प्रश्नावर अडकते. वास्तविक हा प्रश्न टीमने सोडवण्याचा नाहीच. पायथॉनच्या २००१ मधील ‘पेप ८’ या मार्गदर्शिकेने व्हेरिएबल आणि फंक्शनसाठी लहान लिपीतली अक्षरे व अंडरस्कोअर सुचवले आहेत. जावा आणि जावास्क्रिप्टमध्ये कॅमलकेस रूढ आहे. आणि गो भाषेत तर नावाचे पहिले अक्षर मोठ्या लिपीतले असेल तरच ते नाव पॅकेजबाहेर वापरता येते. म्हणून सर्वप्रथम, ज्या भाषेत काम चालते तिचा संकेत जसाच्या तसा स्वीकारावा आणि बैठकीचा वेळ शब्दांसाठी राखून ठेवावा.

शब्द ठरवणे हे या कामातले सर्वांत मोलाचे आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे. त्यासाठी चालू कोडमधून एकाच गोष्टीची वेगवेगळी नावे शोधून काढावीत. एका मॉड्यूलमध्ये ‘कस्टमर’, दुसऱ्यात ‘क्लायंट’ आणि तिसऱ्यात ‘युझर’ आढळले, तर ही तिन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत की पैसे देणारा, करार करणारा आणि लॉगिन करणारा हे खरोखर वेगळे आहेत, हे त्या व्यवसायाची माहिती असणाऱ्या सहकाऱ्यांना विचारावे. उत्तर मिळाल्यावर प्रत्येक संकल्पनेसाठी एकच शब्द निवडून, त्याचा एका वाक्यात अर्थ देऊन, ती यादी कोडच्याच रिपॉझिटरीत (कोड आणि त्यातले बदल साठवण्याच्या जागेत) ठेवावी, म्हणजे तिच्यातला बदलही कोडसारखाच सहकाऱ्यांच्या रिव्ह्यूमधून जाईल. ‘गेट’, ‘फेच’ आणि ‘लोड’ यांसारख्या क्रियापदांनाही हीच कसोटी लावावी: नेटवर्कवरून माहिती आणणाऱ्या फंक्शनसाठी ‘फेच’ ठरले असेल, तर मेमरीतून वाचणाऱ्या फंक्शनला ते नाव देऊ नये.

यानंतर मोजमापांकडे वळावे. केवळ ‘टाइमआउट’ या नावावरून तो सेकंदांत आहे की मिलिसेकंदांत हे कळत नाही. व्हेरिएबलच्या प्रकारातूनच (टाइपमधूनच) एकक स्पष्ट होत नसेल तिथे ते नावात लिहिणे सक्तीचे करावे. १९९९ साली नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान गमावले गेले, कारण थ्रस्टरच्या आवेगाचे आकडे एका सॉफ्टवेअरने पाउंड-फोर्स सेकंदांत दिले आणि ते वापरणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरने ते न्यूटन-सेकंदांत आहेत असे धरले. नावात एकक लिहिल्याने अशी प्रत्येक चूक टळेल असे नाही, पण वाचणाऱ्याला शंका येण्याची संधी तरी मिळते.

बूलियन, म्हणजे खरे किंवा खोटे एवढेच मूल्य धरणाऱ्या, व्हेरिएबलची नावे होकारार्थी ठेवावीत. ‘नॉट डिसेबल्ड’ असे नाव एखाद्या अटीत पुन्हा नकारार्थी वापरले गेले, की वाचणारा हमखास अडखळतो.

संक्षेपांची यादी छोटी असावी. ‘आयडी’ आणि ‘यूआरएल’ सर्वांना समजतात. बाकी शब्द पूर्ण लिहावेत. मात्र चार ओळींच्या लूपमधल्या ‘आय’ला लांबलचक नाव देण्याचा आग्रह धरू नये, कारण नावाची लांबी त्याच्या व्याप्तीच्या, म्हणजे ते कोडच्या किती भागात वापरले जाते त्याच्या, प्रमाणात असावी.

डेटाबेस आणि प्रोग्राम जिथे भेटतात तिथे दोन संकेत समोरासमोर येतात. पोस्टग्रेस हा डेटाबेस अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेली नावे लहान लिपीत बदलून घेतो, त्यामुळे स्तंभांसाठी अंडरस्कोअरच सोयीचा ठरतो. नावांचे रूपांतर कोणत्या एकाच थरात करायचे ते लिहून ठेवावे, अन्यथा दोन्ही पद्धती कोडभर मिसळतात.

जे नियम यंत्राला तपासता येतात ते ईएसलिंट, पायलिंट किंवा चेकस्टाइल या कोड तपासणाऱ्या साधनांकडे सोपवावेत; रिव्ह्यू करणाऱ्याने केवळ अर्थाकडे पाहावे. मतभेद मिटला नाही तर अंतिम निर्णय कोणाचा, हेही आधीच ठरवावे.

जुने कोड एका झटक्यात बदलू नये. ज्या फाइलला काही कारणाने हात लागतो तिथली नावे वेगळ्या कमिटमध्ये (बदलांच्या स्वतंत्र नोंदीत) बदलावीत, म्हणजे वर्तनातला बदल आणि नावातला बदल एकमेकांत मिसळणार नाहीत. बाहेरच्यांनी वापरायच्या एपीआयमधली (इतर प्रोग्राम ज्यातून आपला कोड वापरतात त्या भागातली) नावे मात्र थेट बदलू नयेत. तिथे जुने नाव कालबाह्य असल्याची सूचना जोडून, वापरणाऱ्यांना नव्या नावाकडे वळायला पुरेसा अवधी मिळेपर्यंत दोन्ही नावे चालू ठेवावीत.