लग्नाच्या जुन्या डीव्हीडीची एमपी४ फाइल कशी करावी

लग्नामुंजीच्या डीव्हीडी कपाटात आहेत, पण त्या लावायला बहुतेक घरांत आता यंत्र उरलेले नाही. अशा डिस्कची एमपी४ फाइल करण्यासाठी मी हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर वापरतो. ते विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. डीव्हीडीवर चित्रीकरण ज्या व्हीओबी फाइलींत असते, त्या फाइलच्या नावाचा शेवट बदलून एमपी४ लिहावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने केवळ नाव बदलते. आतले चित्रीकरण एमपेग-२ या डीव्हीडीच्या जुन्या स्वरूपातच जसेच्या तसे राहते. घरचे चित्रीकरण अनोळखी संकेतस्थळावर चढवून रूपांतरित करून घेणेही मला मान्य नाही.

डिस्कवरचे ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डर हार्ड डिस्कवर उतरवावे, ते पूर्ण फोल्डर हँडब्रेकमध्ये उघडावे आणि सर्वांत मोठ्या कालावधीचे टायटल, म्हणजे डिस्कवरचा सलग चित्रीकरणाचा भाग, निवडावे. सुटी व्हीओबी फाइल उघडू नये, कारण डीव्हीडीवर लांब चित्रीकरण साधारण १ जीबीच्या तुकड्यांत विभागलेले असते आणि तुकडा मंगलाष्टकांच्या मध्येच संपू शकतो.

खरी अडचण यापुढे आहे. बहिणीच्या लग्नाची डीव्हीडी मी प्रथम दुसऱ्याच एका कन्व्हर्टरमधून काढली, तेव्हा स्थिर चेहरे उत्तम दिसत होते. मात्र अक्षता टाकणारा प्रत्येक हात कंगव्याच्या दात्यांसारखा चिरलेला दिसे. डिस्क खराब झाली असे समजून मी ती पुसली आणि तीनदा नव्याने उतरवली. दोष डिस्कचा नव्हताच. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या व्हिडिओत सेकंदाला २५ चौकटी असतात आणि कॅमेऱ्याने टिपलेल्या अशा चित्रीकरणात प्रत्येक चौकट सहसा दोन अर्ध्या चित्रांची बनलेली असते: एकात सम ओळी, दुसऱ्यात विषम ओळी, आणि दोन्ही सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या अंतराने टिपलेली. जुना काचेच्या नळीचा टीव्ही ती अर्धी चित्रे एकामागून एक दाखवत असे, त्यामुळे हा प्रकार कधी लक्षातच येत नसे. संगणकाचा पडदा पूर्ण चौकट एकदम दाखवतो, आणि तेवढ्या क्षणात हललेला हात दोन जागी दिसतो.

म्हणून ‘फिल्टर्स’मध्ये ‘डीइंटरलेस’साठी (अर्धी चित्रे सुटी करून पूर्ण चौकटी बनवण्यासाठी) यॅडिफ किंवा बीडब्ल्यूडिफ यांपैकी एक फिल्टर निवडावा, त्याचा प्रीसेट ‘बॉब’ ठेवावा आणि ‘इंटरलेस डिटेक्शन’ बंद करावे. बॉब प्रत्येक अर्ध्या चित्रातून एक पूर्ण चौकट तयार करतो, त्यामुळे फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला चौकटींची संख्या, ५० करणे अत्यावश्यक आहे. तो २५ वर राहिला तर निम्म्या चौकटी गळतात आणि वरातीतला नाच तुटक दिसतो. फाइल थोडी मोठी होते म्हणून २५ वरच थांबावे, हा सल्ला मी मानत नाही. माणसे पुन्हा न मिळणाऱ्या हालचालींसह या चित्रीकरणात आहेत, ती पूर्ण उतरलीच पाहिजेत.

संपूर्ण रूपांतर सुरू करण्यापूर्वी अक्षतांचा किंवा नाचाचा ३० सेकंदांचा भाग काढून पाहावा. हालचाल पुढे-मागे थरथरत असेल, तर बहुधा अर्ध्या चित्रांचा क्रम उलटा नोंदलेला असतो. अशा वेळी फिल्टरच्या ‘कस्टम’ पर्यायात पॅरिटी, म्हणजे कोणते अर्धे चित्र आधी हे ठरवणारी नोंद, बदलावी आणि तोच भाग पुन्हा काढावा. थांबवलेल्या चित्रावरून हा दोष कळत नाही, व्हिडिओ चालवूनच पाहावा लागतो.

मूळ चित्र ७२० × ५७६ चे असते, पण त्याचे बिंदू चौरस नसतात. काही प्लेअर बिंदूंच्या आकाराची फाइलमधली नोंद वाचत नाहीत आणि चेहरे अरुंद दिसतात, म्हणून ४:३ चित्रासाठी ‘अ‍ॅनामॉर्फिक’ (चौरस नसलेले बिंदू तसेच ठेवण्याचा पर्याय) बंद करून आकार ७६८ × ५७६ ठेवावा. तो १०८० पर्यंत ताणू नये. जो तपशील कॅमेऱ्याने टिपलाच नाही, तो आकार वाढवून येत नाही.

एन्कोडर एच.२६४, गुणवत्ता आरएफ १८ ते २० (हा आकडा जितका कमी तितके चित्र चांगले), आवाज एएसी. जुन्या टीव्हीला पेन ड्राइव्ह लावूनही अशी फाइल सहसा चालते.

तयार फाइलची शेवटची दहा मिनिटे पाहून ओठ आणि आवाज जुळतात याची खात्री करावी. मूळ फोल्डर मात्र पुसू नये, कारण एकदा जोडलेल्या चौकटींतून ती अर्धी चित्रे जशीच्या तशी परत मिळत नाहीत.