अमेरिकी कॉलेज कॉन्फरन्सच्या पुढच्या हालचाली कशा ओळखाव्यात

सोलापूर जिल्ह्यातील महाविद्यालये २००४ मध्ये शिवाजी विद्यापीठाकडून नव्या सोलापूर विद्यापीठाकडे आली, ती शासनाने जिल्ह्याची हद्द ठरवून दिल्यामुळे. आपला फायदा पाहून त्यांनी केलेली ती निवड नव्हती. अमेरिकी कॉलेज फुटबॉलकडे वळलेला आपल्याकडचा वाचकही त्याच सवयीने आधी नकाशा उघडतो. तो प्रथम बाजूला ठेवावा. तिथली विद्यापीठे कॉन्फरन्स नावाच्या गटांत खेळतात आणि फायदा पाहून एका गटातून दुसऱ्यात जातात. पश्चिम किनाऱ्यावरील कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठ २०२४ पासून पूर्वेकडच्या अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये, म्हणजे एसीसीमध्ये, खेळते, एवढे उदाहरण पुरे आहे.

नकाशाऐवजी कॉन्फरन्सनी दूरचित्रवाणी वाहिन्यांशी केलेल्या प्रक्षेपण करारांच्या मुदतींचा तक्ता करावा. बिग टेन या कॉन्फरन्सचा करार २०२९-३० च्या हंगामापर्यंत, बिग ट्वेल्व्हचा २०३०-३१ पर्यंत आणि एसीसीचा २०३६ पर्यंत आहे. करार संपण्याच्या एक-दोन वर्षे आधी धावपळ सुरू होते, हे पॅक-१२ या बारा विद्यापीठांच्या कॉन्फरन्सबाबत स्पष्ट दिसले. त्यांचा करार २०२४ मध्ये संपणार होता. यूएससी आणि यूसीएलए या त्यांच्या सभासद विद्यापीठांनी ३० जून २०२२ रोजीच बिग टेनची वाट धरली, आणि नवा करार समाधानकारक होईना तेव्हा ऑगस्ट २०२३ मध्ये ओरेगॉन व वॉशिंग्टन याच दिशेने गेले. बारांपैकी अखेर दोनच विद्यापीठे मागे राहिली.

तक्त्यातील सर्वांत महत्त्वाचा रकाना मात्र हक्क-हस्तांतरणाचा असतो, आणि नवखे अभ्यासक नेमका तोच सोडून देतात. विद्यापीठे आपल्या घरच्या सामन्यांचे प्रक्षेपण हक्क ठरावीक काळासाठी कॉन्फरन्सच्या नावे करून देतात. सभासदाने कारखाना सोडला तरी नोंदलेला ऊस त्याच कारखान्याच्या गव्हाणीत जावा, तसा हा बंदोबस्त आहे. एसीसीतील फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाने डिसेंबर २०२३ मध्ये आणि क्लेमसन विद्यापीठाने मार्च २०२४ मध्ये यावरूनच एसीसीशी न्यायालयीन लढा सुरू केला. मार्च २०२५ मधील तडजोडीनुसार बाहेर पडण्याची रक्कम दरवर्षी उतरत जाऊन २०३०-३१ मध्ये साडेसात कोटी डॉलरवर येते आणि रक्कम भरणाऱ्याला आपले हक्क सोबत नेता येतात. म्हणून त्या वर्षाखाली ठळक रेघ ओढावी.

यानंतर विचारावे की नव्या सभासदामुळे जुन्यांचा वाटा वाढेल की घटेल. कमी वाट्यावर यायला तयार असलेल्या विद्यापीठाला दार लवकर उघडते: एसएमयूने, म्हणजे सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाने, एसीसीत येताना नऊ वर्षे दूरचित्रवाणीच्या उत्पन्नावर पाणी सोडले. बिग टेनच्या बाबतीत संशोधनातील प्रतिष्ठाही तपासावी. नोत्र दाम विद्यापीठ मात्र या गणितात बसत नाही. फुटबॉलमध्ये ते स्वतंत्र राहते आणि त्याचा एनबीसी वाहिनीशी स्वतःचा करार आहे.

अधिकाऱ्यांच्या जाहीर वक्तव्यांना फारसे वजन देऊ नये. शासकीय विद्यापीठांच्या नियामक मंडळांना बैठकीची सूचना व विषयपत्रिका आधी प्रसिद्ध करावी लागते, ती वाचावी. टेक्सास आणि ओक्लाहोमा या विद्यापीठांनी २६ जुलै २०२१ रोजी २०२५ नंतर हक्क-हस्तांतरणाचे नूतनीकरण करणार नसल्याचे बिग ट्वेल्व्हला लेखी कळवले, आणि त्यांच्या मंडळांनी ३० जुलैला एसईसी या दुसऱ्या कॉन्फरन्सचे निमंत्रण स्वीकारले. त्या पत्रात नव्या कॉन्फरन्सचे नावही नव्हते, तरी मुदतीचा तक्ता समोर असलेल्याला त्याचा अर्थ लगेच कळला. उन्हाळ्यात टेक्सासचे घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे असते, त्यामुळे तिथल्या सकाळच्या बैठकीची बातमी सोलापुरात संध्याकाळी हाती येते.

अंदाज लिहिताना वर्ष आणि अट दोन्ही नोंदवावीत. माझा अंदाज असा: बिग टेनचा पुढचा करार २०३० च्या आधी वाटाघाटीला येईल, आणि त्यात नव्या सभासदांसाठी वाढीव रक्कम देण्यास वाहिन्या तयार असल्या, तरच फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन एसीसी सोडतील. तशी तयारी दिसली नाही, तर उतरलेली रक्कम भरणेही त्यांना परवडणार नाही.