ट्रेड भरण्याआधी पोराला काम दाखवा

आयटीआयमध्ये शिल्प निदेशक म्हणून फिटर हा ट्रेड, म्हणजे कारागिरीचा अभ्यासक्रम, शिकवताना मी हे सतत पाहिलं आहे: माहितीपत्रक वाचून ट्रेड निवडणारा मुलगा क्वचितच भेटतो. कुणाचा मामा कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात असतो, कुणाच्या गल्लीतल्या दादाला अप्रेंटिसचं विद्यावेतन मिळायला लागलेलं असतं. बरीच पोरं तर मित्राने इलेक्ट्रिशियन भरलं म्हणून तेच भरतात. जे डोळ्यांनी पाहिलं, त्याकडेच मूल ओढलं जातं. म्हणून दहावीचा निकाल लागायच्या आधीच त्याला चार कामं दाखवा.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत ओळखीचा टॉवेलचा किंवा चादरीचा कारखाना असेल तर तिथून सुरुवात करा. मागवाल्याशी बोलू द्या, मग माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरशी. माग बंद पडला की जॉबर काय बघतो, कुठे हात घालतो, पगारात फरक किती, हे पोराने स्वतः विचारावं. तुम्ही मध्ये बोलू नका. दुसऱ्या दिवशी चिंचोळी एमआयडीसीत एखादं सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन, नाहीतर मोटार रिवायंडिंगचं दुकान. अर्धा दिवस उभं राहू द्या. तासाभरात काही कळत नाही.

घरी आल्यावर “आवडलं का?” असं विचारू नका, “हो” म्हणून मोकळा होईल. काय काय पाहिलं ते सांगायला लावा. मशीन कसं चालतं हे हातवारे करून सांगू लागला, तर तिथे त्याचं मन आहे. फक्त कारखान्यातला उकाडा आणि आवाजच सांगत राहिला, तर तेही ऐकून घ्या. मुलगी असेल तर तिलाही न्या. “मुलींना कुठे जमतं” हे वाक्य घरातच थांबलं पाहिजे, कारण वर्कशॉपमध्ये मुलींनी घडवलेल्या जॉबचं, म्हणजे लोखंडी तुकड्याचं, माप चोख येताना मी रोज बघतो.

आयुष्यभर मागावर झिजलेले वडील मला म्हणतात, “सर, पोरगा तरी खुर्चीत बसू दे.” त्यांचं दुखणं मला समजतं. पण “मार्क कमी पडले म्हणून आयटीआय” असं पोरासमोर बोलू नका. ते ऐकून आलेला मुलगा पहिले काही महिने मान वर करत नाही, आणि नेमकं तेव्हाच फायलिंग, म्हणजे कानशीने घासणं, शिकायचं असतं.

फॉर्मचं थोडक्यात सांगतो. वेल्डर एका वर्षाचा. फिटर, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय झाला की इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, म्हणजे पुढची वाट बंद होत नाही. पसंतीक्रम मात्र जपून भरा. पहिल्या पसंतीची जागा लागली की ती घ्यावी लागते, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. मित्राचा ट्रेड पहिला टाकून “बघू नंतर” चालत नाही.

मोहोळ-अक्कलकोटकडच्यांनी एसटीची सकाळची वेळही आत्ताच बघून ठेवा. प्रॅक्टिकल बुडालं की ते घरी वाचून भरून निघत नाही.