टोकियोत खास जेवणाची जागा ठरवताना

टोकियोत लग्नाच्या वाढदिवसाला छानसं जपानी जेवायचं असेल, तर सोबतचं कोण काय खात नाही ते आधी विचारा. टोकियोतल्याच निशी-कासाईत आमच्याकडे पाहुणे आले की मी सुरुवात तिथूनच करते. शाकाहारी माणसाला गिंझातल्या सुशी काउंटरवर नेऊ नका. तिथे बहुधा ओमाकासे असतं, म्हणजे शेफ देईल ते खायचं. भाज्यासुद्धा बरेचदा दाशीत, म्हणजे पातळ जपानी स्टॉकमध्ये शिजवतात आणि दाशी सहसा सुकवलेल्या बोनिटो माशाची असते. त्यामुळे नुसतं 'मासे नको' सांगून भागत नाही. 'दाशीही कोम्बूचीच, म्हणजे समुद्री शेवाळाचीच हवी' हे बुकिंग करतानाच कळवा. त्यापेक्षा शोजिन रियोरी, म्हणजे बौद्ध मठांतलं शाकाहारी जेवण देणारी जागा शोधा. तिळाचा थंडगार, मऊ गोमा-दोफू खाऊन बघाच!

मासे खाणारे असाल तर आठ-दहा खुर्च्यांचं काउंटर उत्तम. सुशी समोर आली की लगेच तोंडात टाका, भात कोमट असतो तोवरच. बजेट बेताचं असेल तर दुपारी जा, तीच जागा बरीच स्वस्त पडते. बिलावर 10 टक्के कर धरा. टिप देत नाहीत. अत्तर लावू नका. बुकिंग रद्द करण्याच्या अटी मात्र नीट वाचा, ऐनवेळी बरेचदा पूर्ण रक्कम कापतात.