एचआरव्ही आणि मनातली धास्ती : घरच्या घरी नोंद कशी ठेवावी

मनगटावर दोन बोटे ठेवून सावकाश, खोल श्वास घेतला की श्वास आत घेताना नाडी किंचित घाई करते आणि सोडताना रेंगाळते, हे निरोगी तरुण माणसाला उपकरणाशिवायही जाणवू शकते. मिनिटाला ६० ठोके पडत असले, तरी दोन ठोक्यांमधले एक अंतर ९४० मिलिसेकंदांचे, तर पुढचे १०६० चे असू शकते. या चढउतारालाच हृदयगतीची परिवर्तनशीलता, म्हणजे एचआरव्ही, म्हणतात.

हृदय स्वतःच्या मर्जीने चालले, तर मिनिटाला साधारण १०० ठोके देईल. विश्रांतीत मेंदूकडून हृदयाकडे येणारा व्हेगस मज्जातंतू त्याला लगाम घालतो आणि हा लगाम एका ठोक्यापुरताही सैल किंवा घट्ट होऊ शकतो. ज्युलियन थेयर आणि रिचर्ड लेन यांनी २००० साली मांडलेल्या प्रारूपानुसार, अमिग्डाला या मेंदूतल्या धोका हेरणाऱ्या भागाने दिलेल्या इशाऱ्याला आवरणारे कपाळामागचे मेंदूचे भाग आणि हा लगाम एकाच जाळ्यात गुंफलेले आहेत. म्हणूनच विश्रांतीतला एचआरव्ही कमी असलेल्या गटांत निरुपद्रवी गोष्टीनेही दचकण्याचे प्रमाण काही प्रयोगांत अधिक दिसले. मात्र गटाची सरासरी एका माणसाच्या कपाळी चिकटवू नये.

मोजणी सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर आणि चहापूर्वी, रोज एकाच स्थितीत बसून वा पडून, पाच मिनिटे करावी. मनगटी घड्याळापेक्षा छातीचा पट्टा अधिक भरवशाचा ठरतो. अॅपमध्ये 'आरएमएसएसडी' हा, लागोपाठच्या ठोक्यांमधली अंतरे एकमेकांपेक्षा किती वेगळी आहेत हे सांगणारा आकडा पाहावा, कारण तो मुख्यतः व्हेगसचेच काम दाखवतो. श्वास मुद्दाम लांबवू नये. मिनिटाला सहाच्या लयीत श्वास घेतल्यास चढउतार एरवीपेक्षा फुगतो आणि तुलना बिघडते.

आकड्याशेजारी आदल्या दिवशीचा एक संदिग्ध प्रसंग लिहावा. समजा, साहेबांचा 'जरा येऊन भेटा' एवढाच निरोप आला. तो वाचताक्षणी काय वाटले आणि प्रत्यक्षात काय निघाले, हे दोन्ही टिपावे. धास्तीला दहापैकी गुण मात्र त्या दिवसाचा आकडा पाहण्याआधीच द्यावेत, नाहीतर आकडाच मनाला पढवतो. तुलना शेजाऱ्याशी नव्हे, स्वतःच्या तीन-चार आठवड्यांच्या सरासरीशी करावी. जागरण, ताप किंवा रात्रीचे मद्यही आकडा खाली आणते, म्हणून त्यांचीही नोंद हवी. अचानक फारच मोठा आकडा आला, तर खूश होण्याआधी ठोके चुकत नाहीत ना, हे पाहावे. अनियमित ठोक्यांनीही तो वाढतो आणि तसे वारंवार दिसल्यास डॉक्टरांकडून ईसीजी काढून घ्यावा.