फायबर बोटीचा उडालेला जेलकोट: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

गाड्यांना बफिंग करणारी आमच्या जळगाव-भुसावळकडची पोरं विचारतात, ‘दादा, बोटीचं काम आम्हाला जमेल का?’ मशिनवर हात बसलेला असेल तर जमतं, पण जेलकोट म्हणजे काय ते आधी समजून घ्या. बोट साच्यात बनते. साच्याला सगळ्यात आधी रंग मिसळलेल्या पॉलिस्टर रेझिनचा थर देतात, मग त्याच्यामागे फायबरचं मॅट (काचतंतूंची चटई) बसवतात. बोट साच्यातून काढली की तोच पहिला थर बाहेर दिसतो, तोच जेलकोट. तो साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो. आपण चमक वरून लावत नाही, त्या अर्ध्या मिलिमीटरातला मेलेला भाग काढून टाकतो. कमीत कमी काढून चमक आणतो तो खरा कारागीर, असं माझं ठाम मत आहे.

खान्देशात समुद्र नाही, पण हतनूरचं धरण आहे, अक्कलकुवा-धडगावकडे सरदार सरोवराचं पाणी आहे. बोट काठावर उघडी पडलेली असते आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. उन्हातले अतिनील किरण रेझिन तोडतात, वरचा थर भुसभुशीत होतो आणि पांढरी पावडर सुटते. लाल आणि गडद निळ्या बोटींवर हे लवकर दिसतं. बाजूंपेक्षा डेक (बोटीचा वरचा सपाट भाग) आधी जातो, कारण ऊन थेट त्याच्यावर पडतं.

काम घेण्याआधी ओला फडका फिरवा. ओलं असेपर्यंत मूळ रंग दिसला तर बोट बहुतेक सुधारते. ओलं करूनही फायबरची जाळी दिसत असेल, तर जेलकोट संपलाय. तिथे पॉलिश चालत नाही, नवा जेलकोट किंवा रंगच द्यावा लागतो.

बोट साबणाने धुवा. बोअरचं पाणी अंगावर वाळू देऊ नका, क्षाराचे पांढरे डाग राहतात. पाण्याच्या रेषेवरचा पिवळट-तपकिरी पट्टा ऑक्झॅलिक ॲसिडच्या सौम्य द्रावणाने जातो. हातमोजे, चष्मा घाला आणि नंतर भरपूर पाणी मारा. मग ॲसिटोनच्या फडक्याने जुनं वॅक्स काढा. जवळपास बिडी-सिगारेट नको.

आता कोपऱ्यात फूटभर जागेवर नुसतं रबिंग कंपाउंड (घासून चमक आणणारी पेस्ट) मारून बघा. चमक आली तर घासायच्या पेपरला हातच लावू नका. नाही आली तरच १००० नंबरचा वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पेपर) घ्या, फार खराब असेल तर त्याहून खरखरीत, ८०० किंवा ६००. जिथून सुरुवात केली तिथून १५००, २००० पर्यंत चढत जा. प्रत्येक नंबरला दिशा बदला, म्हणजे आधीचे ओरखडे राहिलेत का ते कळतं. पेपर ठोकळ्याला गुंडाळा आणि पाण्यात साबणाचा थेंब टाका. निळ्या बोटीवर आधी खडूसारखं पांढरट पाणी वाहतं, मग त्यात निळसर झाक येते. झाक आली की त्या जागी थांबायचं. कडा आणि कोपरे हातानेच करा, तिथे थर पातळ असतो आणि मशीन क्षणात थर कापून खाली उतरतं.

बफिंग मशिनला लोकरीचं पॅड लावा, वेग कमी ठेवा आणि एका वेळी दोन बाय दोन फुटांपेक्षा जास्त जागा धरू नका. मशीन सतत हलतं ठेवा. गाडीचा पत्रा जितकं सोसतो तितकं रेझिन सोसत नाही, एका जागी थांबलं की करपतं. इकडच्या उन्हात बोटीवर तळहात ठेवून बघा. चटका बसत असेल तर कंपाउंड लगेच वाळतं, पसरत नाही. म्हणून उन्हाळ्यात काम पहाटे सुरू करून नऊ-दहाला आवरावं, नाहीतर वर ताडपत्री बांधावी. कोरडी धूळ उडते तिथे साधा रुमाल पुरत नाही, चांगला मास्क लागतो. शेवटी फोम पॅडने बारीक पॉलिश आणि त्यावर वॅक्स. वॅक्सशिवाय सोडलेली बोट एकाच उन्हाळ्यात परत पांढरी पडायला लागते. होळीच्या आसपास एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा वॅक्स झालंच पाहिजे. पाय ठेवायच्या खरबरीत जागेवर मात्र वॅक्स लावायचं नाही, माणूस घसरून पडतो.

दर सांगण्याआधी तो फूटभर नमुना मालकासमोर करा. किती पेपर, किती वेळ लागणार ते तिथेच समजतं आणि नंतर पैशावरून वाद होत नाही.